काकूंच्या बाजूचं पेडल

मिस्त्रीने जुन्या पेडलच्या शेवटच्या बोल्टला पाना लावला आणि तात्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. दाढ त्यांचीच उपटली जात होती जणू. एक पाय ट्रकच्या पायरीवर, एक पाय जमिनीवर, असे ते केबिनच्या दारात अडकून उभे होते. आत चढायला गुडघा राजी नव्हता आणि बाजूला व्हायला मन.

"निघाला का?" त्यांनी विचारलं.

"गंजलाय. हलत नाही."

"मग राहू दे ना. त्याची इच्छा नसेल."

मिस्त्री म्हणजे त्यांची लेकच. गॅरेज तिचं, हातातला पाना तिचा, आणि निकालही तिचाच. सगळी गल्ली तिला मिस्त्री म्हणायची, म्हणून गॅरेजचा उंबरा ओलांडला की तात्याही तिला मिस्त्री म्हणत. घरी जेवायला बसली की ती पुन्हा बाळ व्हायची, पण ते घरी. इथे तिने बापाकडे ढुंकूनही न बघता बोल्टवर गंज सोडवायचं तेल सोडलं, पान्याला एक नळी अडकवली आणि असा हिसका दिला की बोल्ट कुरकुरत फिरला.

हा ट्रक तात्यांनी तरुणपणी घेतला होता. गोल नाकाचा, फुगीर गालांचा, डोळे वटारून बघणारा. लोकांची बिऱ्हाडं हलवण्यात दोघांची हयात गेली. काकू लग्न होऊन घरात आल्या त्या ट्रकच्या नंतर, त्यामुळे त्या ट्रकला 'थोरली' म्हणत. थोरलीला धुवायला वेळ आहे, थोरलीला नवा हॉर्न आणलाय, धाकटीने मेलं काय मागावं! तात्यांना हे ऐकून दर वेळी गुदगुल्या व्हायच्या.

थोरलीचं ब्रेकचं पेडल जुन्या काळच्या रीतीप्रमाणे जमिनीतून वर आलेलं होतं. लोखंडी दांडा, वर तळहाताएवढी पट्टी. ब्रेक लावायचा तर अख्खा पाय उचलायचा आणि उखळात मुसळ घालावं तसा वरून खाली आणायचा. ब्रेकच्या ऑइलची टाकी केबिनच्या तळाखाली, चिखलात आणि धुरात. दांड्याभोवतीच्या फटीतून उन्हाळ्यात धूळ वर यायची आणि पावसाळ्यात चिखल, आणि वरून खाली काय काय गेलं त्याला सुमार नाही. काकूंच्या कानातलं एक, दोन कंगवे, चष्म्याची काडी, आणि एकदा शिंकेसरशी तात्यांची कवळी. ती शोधायला दोघं रस्त्यावर वाकून मैलभर मागे चालत गेली होती.

तरी हे पेडल राहिलं असतं. पण मागच्या महिन्यात ट्रक चालण्याच्या वेगाने जाऊन सलूनच्या पायरीला टेकला. लागलं कोणाला नाही. अर्धी दाढी झालेलं एक गिऱ्हाईक फेस घेऊन रस्त्यावर पळालं आणि पायरीचा कोपरा उडाला, इतकंच. "पाय उचलला होता मी," तात्यांनी जमलेल्या लोकांना सांगितलं, "पण तो ब्रेकवर पोचेपर्यंत सलून आलं."

त्या दिवशी जेवताना लेकीने ताटावरून मान वर न करता निकाल सांगितला. पेडल बदलायचं. आणि त्यानंतरही थोरली कुठे टेकली, तर किल्ली तिच्याकडे यायची. तात्यांचा घास बराच वेळ हातातच राहिला, आणि काकूंनी तो बघितला.

तर आता हा खटाटोप. इंजिन आणि केबिन यांच्यामध्ये पत्र्याची भिंत असते, तिला मेकॅनिक लोक फायरवॉल म्हणतात. लेकीने ठरवलं होतं की पेडल त्या भिंतीला वरून लटकवायचं आणि ऑइलचं सगळं लचांड भिंतीपलीकडे, इंजिनच्या बाजूला न्यायचं. म्हणजे टाच जमिनीवरच टेकलेली राहते. पाऊल नुसतं पुढे झुकवलं की काम झालं. गुडघ्याला कष्ट नाहीत. तिने हे खडूने फरशीवर काढून दाखवलं होतं. तात्यांनी चित्र चारही बाजूंनी बघितलं आणि मान हलवली.

"ब्रेक जमिनीतून उगवतो," ते म्हणाले. "वरून लटकतो तो पंखा."

काम आठवडाभर चाललं आणि तात्या रोज हजर. पायाचं माप घ्यायचं म्हणून लेकीने बोलावलं, त्या दिवशी तर बूट पॉलिश करून, भांग पाडून आले. सीटवर बसून पाय पुढे केला तो फोटो काढून घेतल्यासारखा. पाय सैल सोडा, रोज बसता तसे बसा, असं तिने तीनतीनदा सांगितलं. रोज आपण कसे बसतो हे आठवायला त्यांना बराच वेळ लागला.

पहिल्या खेपेला फजिती झाली. नवीन पेडल भिंतीला बसवलं, तात्यांनी दाबून बघितलं, तर पेडलबरोबर भिंतही पुढे निघाली. जुना पातळ पत्रा तो. त्याने आयुष्यात कधी असला जोर खाल्ला नव्हता. तात्यांना कोण आनंद झाला! त्यांनी पुन्हा पुन्हा दाबून ती भिंत पुढे-मागे हलवून दाखवली, रस्त्यावरून जाणाऱ्या सलूनवाल्यालाही आत बोलावून दाखवली. लेकीने सगळं खोललं, पत्र्याच्या दोन्ही अंगांना जाड लोखंडी पट्टी लावली, वरून एक आडवा आधार दिला आणि पुन्हा बसवलं. या खेपेला तात्यांनी दाबलं तेव्हा भिंत तसूभरही हलली नाही. तात्यांनी आणखी जोर लावला. मग खाली उतरले आणि उगाच टायर तपासू लागले.

जुनं पेडल मात्र त्यांनी टाकू दिलं नाही. तारेच्या ब्रशने घासून, तेल लावून ते मांडीवर घेऊन बसले होते. काकू त्या वेळी डबा घेऊन आलेल्या. जुन्या पेडलची फट पत्र्याने बुजवायची होती, आणि हे भंगारात जाणार नसेल तर ठेवायचं कुठे, असं लेक विचारत होती.

तात्यांचे डोळे एकदम चमकले.

काकूंची एक खोड सगळ्या गल्लीला ठाऊक होती. थोरलीवर त्या तात्यांच्या शेजारी बसत. दोऱ्या आवळून सामान बांधावं तर काकूंनीच, त्यामुळे प्रत्येक खेपेला त्या बरोबर असत. आणि समोर काही आलं, माणूस, कुत्रं, खड्डा, की त्यांचा पाय आपोआप समोरच्या पत्र्यावर दाबला जाई. ब्रेक तात्यांच्या बाजूला, दाबायच्या काकू. तिथली चटई तात्यांच्या बाजूच्या चटईपेक्षा जास्त झिजली होती. तात्यांना बोलताना ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची सवय, आणि ऐकणाऱ्या बहुतेक वेळा काकूच, तेव्हा त्या पायाला विश्रांती अशी कधी मिळाली नाही.

"हिच्या बाजूला लाव," तात्या म्हणाले. "जन्मभर बिचारी पत्रा दाबत आली. आता म्हातारपणी तरी खरं पेडल दाबू दे."

गॅरेजात उभे असलेले सगळे खो खो हसले. लेकही हसली. काकूंनी डब्याचं झाकण लावलं, पेडलकडे बघितलं आणि म्हणाल्या, "लाव."

लेकीला वाटलं होतं की आई रागावेल. पण आईने तर सीटवर चढून, पाय टेकवून, इथे नको जरा डावीकडे, अशी जागासुद्धा दाखवली. मग लेकीने ते तिथे, कशालाच न जोडता, चार बोल्टांनी घट्ट बसवलं. दिसायला झकास दिसलं. तात्या ही गंमत आधी सलूनमध्ये, मग वाण्याकडे, मग बस थांब्यावर अनोळखी माणसांना सांगत सुटले.

ते बाहेर गेले, तेव्हा ब्रेकच्या नळ्यांमधली हवा काढायचं काम बाकी होतं. याला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून पेडल दाबायचं आणि धरून ठेवायचं, दुसऱ्याने चाकाशी आडवं होऊन छोटा नट उघडायचा, की ऑइलबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर पडतात. तात्यांना या कामाला बसवण्यात अर्थ नसे, कारण 'धर' म्हटल्यावर ते धरण्याऐवजी बोलायला लागत. म्हणून काकू वर बसल्या आणि लेक मागच्या चाकाखाली गेली.

"दाब."

काकूंनी दाबलं.

"धर. हं, सोड."

"एक विचारू का गं?"

"विचार. दाब."

"ते माझ्या बाजूचं जोडता येईल?"

चाकाखालचा पाना थांबला. ऑइलचा एक थेंब लेकीच्या गालावर पडला, तो पुसायचंही तिला सुचलं नाही.

"कशाला?"

"दाबायला."

लेक सरकत बाहेर आली आणि तशीच जमिनीवर बसून बोलू लागली. आई, तुला इतकी भीती वाटत असेल तर सरळ किल्लीच काढून घेऊ. उगीच चोरटे ब्रेक लावत हिंडण्यापेक्षा एकदा काय तो वाईटपणा मी घेते. तिचं बोलणं खरं होतं, आणि ती ते मायेनेच बोलत होती. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. पाय पेडलवरच होता. सोड म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.

"तुझ्या काकांचं बघितलंस ना?" त्या म्हणाल्या. "बोटं थरथरतात म्हणून शिलाईचं मशीन विकलं त्यांचं. सगळ्यांनी चांगल्यासाठीच केलं, मीसुद्धा हो म्हटलं होतं. माणूस खुर्चीत बसला तो बसलाच. भाजीत मीठ नाही हेसुद्धा सांगेनासे झाले. तसे हे झालेले मला बघवायचे नाहीत."

"पण बाबांचं लक्षच नसतं गं समोर."

"नसतंच. गुडघा तुझ्या पंख्याने बरा होईल, पण कुठे थांबायचं ते ह्यांना उशिरा सुचतं. माझ्या पायाला ते आधी कळतं. इतकी वर्षं कळतंच आहे, नुसतं पत्र्याला सांगून काय उपयोग?"

लेकीने गालावरचं ऑइल बाहीला पुसलं.

"त्यांना कळलं तर?"

"कसं कळेल? ते माझ्या तोंडाकडे बघून बोलतात. पायाकडे कधी बघितलंय कुणी?"

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या गाड्यांत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. तसल्या एका मोडीत निघालेल्या गाडीची केबल लेकीकडे पडून होती. ती तिने काकूंच्या पेडलपासून चटईखालून, फळीच्या मागून नेली आणि फायरवॉलवरच्या लटकत्या पेडलच्या दांडीला अडकवली. तात्यांनी आपलं पेडल दाबलं तर काकूंचं हलायचं नाही, केबल नुसती सैल पडायची. काकूंनी आपलं दाबलं की तात्यांचं पेडल मात्र आपसूक खाली जायचं आणि ब्रेक लागायचा. केबलचा वळसा लांबचा होता, त्यामुळे काकूंना जोर बराच लावावा लागे. लेक म्हणाली, जड आहे. काकू म्हणाल्या, चालेल.

पहिल्या फेरीला सगळी गल्ली बाहेर आली. सलूनवाल्याने फुटपाथवरची खुर्ची आत घेतली, मग विचार करून स्वतःही आत गेला. तात्यांनी टाच टेकवली, पाऊल पुढे झुकवलं, मागे घेतलं, पुन्हा झुकवलं. गुडघ्याने हूं की चूं केलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते बघून लेकीला आठवड्याचे कष्ट फिटल्यासारखं वाटलं.

चौकापर्यंत सगळं ठीक झालं. चौकाच्या अलीकडे तात्यांना एका कपाटाची गोष्ट आठवली. कुठल्याशा तिसऱ्या मजल्यावर चढवलेलं, दारातून आत न जाणारं कपाट. ती सांगायला ते काकूंकडे वळले आणि समोरून एक माणूस सायकलवर आडवी शिडी घेऊन निघाला. काकूंनी दाबलं. थोरली शहाण्या मुलीसारखी जागच्या जागी उभी राहिली. शिडी नाकासमोरून निघून गेली.

तात्यांचं वाक्य मध्येच राहिलं. त्यांनी खाली आपल्या पायाकडे बघितलं, मग शिडीकडे बघितलं, मग काकूंकडे. काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

"बघितलंस?" तात्या म्हणाले. "अजून आहे की नाही पायात दम?"

"आहे हो," काकू म्हणाल्या.

त्या दिवसापासून तात्यांची छाती दोन इंच फुगली. सलूनमध्ये दाढीला बसले की आधी ब्रेकचं कौतुक, मग बाकीचं. "मनात यायच्या आत थांबते," ते फेसातून सांगत. कोणाच्या मनात, असं सलूनवाल्याने एकदा सहज विचारलं. तात्या म्हणाले, तू वस्तऱ्याकडे लक्ष दे.

लेकीला आधी धाकधूक होती, हळूहळू ती निवली. थोरली कुठे टेकली नाही. उलट गल्लीत असं बोललं जाऊ लागलं की म्हातारा आता काय सुरेख चालवतो. शाळेसमोर आधीच वेग कमी, वळणावर कमी, गाईगुरांना वाट, म्हाताऱ्याकोताऱ्यांना वाट. जन्मात कधी कोणाला वाट न दिलेला माणूस तो.

सत्ता हातात आली, म्हणजे पायात आली, की माणूस थोडा बिघडतोच. काकूही बिघडल्या. पडद्यांच्या कापडाच्या दुकानासमोरून जाताना थोरलीचा वेग आता उगाच मंदावायचा, काचेमागचं सगळं नीट दिसेपर्यंत. काकूंच्या बहिणीचं घर लागलं की तात्या आजवर मान वळवून सुसाट निघायचे. आता तिथे गाडी रेंगाळू लागली आणि रेंगाळली की बहीण दारात यायची, आणि ती आली की आत जाऊन बसणं आलं. "इथे बारीक चढ आहे," तात्या म्हणायचे. "नुसता दिसत नाही." रस्ता अगदी तव्यासारखा सपाट होता.

एकदा तर कमाल झाली. काकूंच्या भावाने कोणे एके काळी तात्यांची शिडी नेली ती परत दिली नाही, हा तात्यांचा आवडता विषय. तो रंगात आला आणि त्यांनी मेहुण्याचे पूर्वज काढायला सुरुवात केली, तेवढ्यात थोरली भर रस्त्यात थांबली. मागे हॉर्नचा कल्लोळ. समोर चिटपाखरू नाही. काकू पदर सारखा करत होत्या. तात्यांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला.

"थोरलीला तुझ्या भावाबद्दल वाईट बोललेलं खपत नाही," ते म्हणाले आणि गिअर टाकला. पुढे घरी येईपर्यंत ते हवापाण्याबद्दल बोलले.

काकू हे सगळं लेकीला सांगून पोट धरून हसायच्या. सांगायच्या नाहीत ते एवढंच, की संध्याकाळी त्यांचा घोटा ठणकायचा. जड पेडल, वय झालेला पाय. तात्या अंघोळीला गेले की त्या पाय पुढे घेऊन तेल जिरवत बसायच्या. तात्यांनी एक-दोनदा विचारलं तर जिन्यावर मुरगळला म्हणाल्या. जिना कुठला, हे तात्यांनी विचारलं नाही. घर तळमजल्यावरच होतं.

आणि मग एका सकाळी काकूंना पाय टेकवेना. घोटा सुजून टम्म झाला होता. दुसरा कुठला दिवस असता तर गोष्ट वेगळी. त्या दिवशी तात्यांनी सलूनचा मोठा आरसा नव्या जागेत हलवून द्यायचं कबूल केलं होतं. सलूनच्या पायरीची भरपाई म्हणून हे काम आपणच करणार, असं ते आठवडाभर सगळ्यांना सांगत होते. भरल्या बाजारातून जायचं, पाठीवर माणसाएवढा उंच आरसा, आणि शेजारची सीट रिकामी.

काकू पडल्या पडल्या म्हणाल्या, उद्या न्या. तात्या म्हणाले, तू पडून राहा, मी बघतो, आणि खिशात किल्ली टाकून बाहेर गेले. दाराचा आवाज झाला तशी काकूंनी फोन उचलला आणि लेकीला सांगताना त्यांना रडूच फुटलं. माझंच चुकलं गं. ते बघ स्वतःला काय समजून बसलेत, आणि तसं समजायला लावलं मीच. आता कुठे जाऊन आदळतील ते सगळं माझ्या डोक्यावर.

लेक होती तशी, ऑइलने माखलेल्या हातांनी धावत सुटली. वाटेत तिने मनाशी सगळं ठरवलं. गाडी अडवायची, केबल दाखवायची, किल्ली मागायची. जे काय व्हायचं ते होऊ दे. बापाचा चेहरा तेव्हा कसा होईल हे ती डोळ्यांसमोर आणायला गेली आणि तिने पावलं आणखी झपाझप उचलली.

थोरली कोपऱ्यावर आपल्या जागीच उभी होती. तात्या तिच्या पायरीवर बसून फडक्याने हेडलाइटची काच पुसत होते. चांगले कपडे, पॉलिश केलेले बूट.

"आरसा न्यायचा होता ना?" लेकीला धाप लागली होती.

"आज नको. थोरलीला बरं नाही."

"काय होतंय?"

"काही सांगता येत नाही. आवाज वेगळा वाटतो." सलूनवाल्याने हातगाडी आणून आरसा नेला, वर चार गोष्टी ऐकवून गेला, हेही त्यांनी सांगितलं. दिलेला शब्द मोडला म्हणून त्याने त्यांना काय काय म्हटलं ते सांगताना मात्र त्यांचा आवाज उतरला होता.

लेकीने किल्ली मागितली तशी त्यांनी लगेच दिली. तिने गाडी सुरू केली, कान देऊन ऐकलं. बॉनेट उघडून बघितलं, ऑइल बघितलं, ब्रेक बघितला. थोरली ठणठणीत होती.

"काहीही झालेलं नाही, बाबा."

"असू दे. तुझी आई बरी होईपर्यंत राहू दे तिला इथेच."

लेकीने बॉनेट बंद केलं आणि हात पुसत उभी राहिली. तात्यांनी फडक्याची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली. मग गॅरेजात नसूनही त्यांनी हाक मारली, "मिस्त्री."

"हं?"

"तिच्या बाजूचं पेडल जरा जड आहे. हलकं करून देतेस का?"

गल्लीत कुठेतरी कोणीतरी चटई झटकत होतं. लेकीने बापाकडे बघितलं. ते हेडलाइटकडे बघत होते.

"कुठलं?" ती म्हणाली. "ते तर नुसतं बसवलंय, बाबा. कशालाच जोडलेलं नाही."

"मला का माहीत नाही? कल्पना माझीच होती." त्यांनी काचेवरचा नसलेला डाग पुसला. "मग नुसतंच हलकं कर."

लेक वळली. गॅरेजातून हत्यारांची पेटी घेऊन आली, काकूंच्या बाजूचं दार उघडलं आणि चटई दुमडून आत आडवी झाली. केबल अडकवायचं भोक दांडीवर थोडं खाली पाडलं की जोर निम्मा लागतो. काम फार नव्हतं, पण तिला मधूनमधून दिसेनासं होत होतं आणि डोळे पुसायला हात स्वच्छ नव्हते. तात्या दारात येऊन उभे राहिले. उजेड पुरेना म्हणून त्यांनी विजेरी धरली, आणि विजेरी बरोबर चटईखालच्या केबलवर धरली.

नवीन भोक पाडून झालं. लेकीने हाताने पेडल दाबून बघितलं. ते अलगद खाली गेलं, आणि पलीकडे तात्यांच्या जागचं पेडलही अलगद खाली जाऊन वर आलं. दोघांनी ते बघितलं.

"आता ठीक आहे," तात्या म्हणाले आणि विजेरी बंद केली. "आणि हे बघ, तिला यातलं काही बोलू नकोस."

"का?"

"उगाच चालवताना तिचं लक्ष उडेल."